आमचे विद्यापीठ जिंकले, आणि मी सुखरूप आहे

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया
14 एप्रिल 2019

तीर्थरूप आई आणि बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे, हे आधी लिहिते, कारण मंगळवारी दादाने पाठवलेल्या संदेशावरून असे दिसते की इथल्या रस्त्यावरच्या गर्दीचा व्हिडिओ माझ्या फोनच्या आधीच तुमच्यापर्यंत पोहोचला. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच गावात वर्णद्वेष्ट्यांचा मेळावा झाला, त्यांच्यातल्या एकाने लोकांवर गाडी घातली आणि एक तरुणी प्राणास मुकली, तेव्हापासून या गावाच्या नावापाठोपाठ गर्दी दिसली की आईला झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु सोमवारी रात्रीची गर्दी आनंदाची होती. आमच्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेही पहिल्यांदाच. कॉर्नर म्हणून विद्यापीठासमोरचा जो दुकानांचा रस्ता आहे, तेथे हजारो मुलेमुली मध्यरात्री ओरडत धावत होती. मी प्रयोगशाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर फुटपाथवर उभी होते आणि आम्ही तिघी एकत्रच घरी परतलो. काल फुटबॉलच्या मैदानावर संघाचा सत्कार झाला, तो भर दुपारी होता, तेव्हा त्याविषयी काळजीचे काहीच कारण नाही.

महाविद्यालयीन मुलांच्या खेळावर एवढे काय, असे बाबांनी विचारले. बाबा, आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना असला की आपल्या पेठेतली म्हातारी माणसेसुद्धा ज्या तावातावाने भांडतात, त्याच तावातावाने येथे माझे प्राध्यापक भांडतात. त्यातून यंदाच्या आनंदाला गेल्या वर्षीच्या नामुष्कीची पार्श्वभूमी होती. 16 मार्च 2018 रोजी देशात अव्वल मानला गेलेला हाच संघ मेरीलँडमधल्या एका विद्यापीठाच्या, कोणी खिजगणतीतही न धरलेल्या संघाकडून 74-54 असा हरला. पहिल्या मानांकनाच्या संघाची सोळाव्या मानांकनाच्या संघाशी गाठ त्याआधी 135 वेळा पडली होती आणि एकदाही पहिला संघ हरला नव्हता. त्या दिवसांत मी किराणा आणायला गेले तरी दुकानातली माणसे सुतक असल्यासारखी बोलत होती.

आता त्या 'ब्रॅकेट'विषयी, कारण फोनवर मी त्याचा उल्लेख करताच आईने 'जुगार' हा शब्द काढला आणि बोलणे तिथेच थांबले. मार्चच्या मध्यावर एका रविवारी संध्याकाळी या अजिंक्यपद स्पर्धेसाठी देशभरातले 68 संघ जाहीर होतात. त्यांतले आठ संघ आधी आपापसांत चार सामने खेळतात आणि 64 उरतात. या 64 संघांचे चार विभाग असतात, प्रत्येक विभागात 1 ते 16 अशी मानांकने असतात, आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी अशा क्रमाने पडते. एकदा हरला की संघ घरी जातो. हा सगळा तक्ता, म्हणजेच ब्रॅकेट, वंशावळीसारखा एका कागदावर छापलेला असतो आणि गुरुवारी दुपारी सामने सुरू होण्याआधी प्रत्येकाने त्यातल्या 63 सामन्यांचे विजेते लिहून द्यायचे असतात. प्रत्येकाने म्हणजे खरोखरच प्रत्येकाने: विभागप्रमुखांनी, कार्यालयातल्या बाईंनी, ज्यांनी आयुष्यात चेंडू हातात धरला नाही अशांनीही. आमच्या कार्यालयातल्या बाई संघांच्या गणवेशाच्या रंगावरून विजेते निवडतात आणि दरवर्षी माझ्या पुढे असतात. सगळे 63 निकाल अचूक सांगणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. यंदा ओहायोतल्या एका गृहस्थांचे पहिले 49 अंदाज बरोबर आले, तर तेवढ्यावरून वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे पर्ड्यूने टेनेसीला हरवले आणि त्यांची मालिका तुटली. मी यासाठी पाच डॉलर दिले, म्हणजे साडेतीनशे रुपये. भिशीपेक्षाही निरुपद्रवी प्रकार आहे, आई, आणि न दिले असते तर महिनाभर जेवणाच्या टेबलावर माझ्याशी कोणी बोलले नसते.

संघाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिते, कारण बाबांना तो आवडला असता. प्रशिक्षक टोनी बेनेट हे शांत स्वभावाचे गृहस्थ आहेत आणि बचावाची जी पद्धत ते शिकवतात, ती त्यांच्या वडिलांनी, डिक बेनेट यांनी, बसवलेली आहे: एकाने चेंडूवाल्या खेळाडूला भिडायचे, बाकी चौघांनी बास्केटजवळ दाटीने राहायचे, आत वाट द्यायची नाही, दुरून मारायचे तर मारू द्यायचे. स्वतःकडे चेंडू आला की घाई करायची नाही. देशातल्या सगळ्यांत संथ संघांत यांची गणना होते आणि अशा खेळाने मोठी स्पर्धा जिंकता येत नाही, असे जाणकार वर्षभर सांगत होते. गेल्या वर्षी मनगट मोडल्यामुळे डिआंड्रे हंटर तो लाजिरवाणा सामना खेळू शकला नव्हता; काइल गाय (आडनाव खरेच तसे आहे) खेळला होता आणि त्या पराभवानंतरचे स्वतःचे छायाचित्र त्याने पुढे फोनच्या पडद्यावर ठेवले होते.

यंदाही सोळाव्या मानांकनाच्या गार्डनर-वेबने पहिल्या अर्धात 14 गुणांची आघाडी घेतली, तेव्हा आमच्या खोलीत कोणी एक शब्द बोलेना. तो सामना सावरला. पुढे पर्ड्यूविरुद्ध अखेरचे सहा सेकंद राहिले असताना टाय जेरोमचा फ्री थ्रो (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल, कोणी न अडवता बास्केटमध्ये टाकायला मिळणारा एका गुणाचा चेंडू) हुकला, मामादी डियाकिटेने चेंडू मागे टोलवला, तो पार अर्ध्या मैदानापलीकडे गेला, संघातला सगळ्यांत बुटका कीहे क्लार्क त्यामागे धावला आणि त्याने तेथून डियाकिटेलाच लांब पास दिला. शिट्टी वाजायच्या क्षणी चेंडू आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत आम्ही 80-75 असे जिंकलो. डियाकिटे गिनी देशातून आलेला आहे, जॅक सॉल्ट न्यूझीलंडचा आहे. घरापासून लांब राहणारी मी एकटीच नाही, एवढ्यासाठी सांगितले.

उपांत्य सामना नेमका पाडव्याच्या संध्याकाळी आला. गुढी उभारली नाही, कारण या भाड्याच्या घराला गॅलरी नाही. श्रीखंड मात्र खाल्ले, कडुलिंब मिळाला नाही. त्या सामन्यात 0.6 सेकंद उरले असताना ऑबर्न दोन गुणांनी पुढे होते आणि काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले. तिन्ही आत गेले, 63-62. दुसऱ्या दिवशी फोनवर माझा आवाज बसलेला होता, तो त्या ओरडण्यामुळे. सणाला घरी नसल्यामुळे मी रडले असेन असे आईने दादाला सांगितल्याचे कळले. तसे काही नव्हते. अंतिम सामन्यातही टेक्सास टेकविरुद्ध हंटरने शेवटच्या सेकंदांत बरोबरी साधली आणि जादा वेळेत 85-77 असा निकाल लागला. जादा वेळेतले बाराही फ्री थ्रो आमच्या मुलांनी आत घातले.

या मुलांना किती पैसे मिळतात, हा बाबांचा प्रश्न राहिला. पगार शून्य, शिकण्याचा आणि राहण्याजेवणाचा खर्च तेवढा होतो. या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा 2010 साली केलेला करार 14 वर्षांसाठी 1,080 कोटी डॉलरचा होता, प्रशिक्षकांना वर्षाला लाखो डॉलर मिळतात, आणि ज्यांना पाहायला लोक येतात त्यांना काही नाही, हे मला पटत नाही. त्यामानाने मला दरमहा विद्यावेतन मिळते. त्यातून या महिन्याचे पैसे दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. घराचा हप्ता भरून उरतील ते बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवावेत. मी आल्यावर करू, असे बाबांनी कृपा करून म्हणू नये आणि पावसाळ्याआधी ती उरकून घ्यावी, कारण मे महिन्यात मला येता येणार नाही. तिकीट लाखाच्या घरात गेले आहे, आणि उन्हाळ्यात येथे काम केले तर तो पगार बुडत नाही. गणपतीला येण्याचा प्रयत्न करते. नक्की म्हणत नाही, कारण गेल्या वर्षी नक्की म्हटले होते.

आई, काइल गाय एकवीस वर्षांचा आहे आणि त्याचे लग्न ठरलेले आहे, हे खरे तर मी तुला लिहायला नको होते. न्यू जर्सीच्या त्या मुलाच्या घरच्यांना, माझी पात्रता परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे आणि त्यानंतरच मी बोलेन, असे स्पष्ट कळवावे. थांबायची त्यांची तयारी नसेल तर त्यांना अडकवून ठेवू नये. मावशीला वाईट वाटले तर तिला मी स्वतः फोन करीन. मुलगा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्याचा एकदा फोन आला होता आणि त्याने सामना पाहिला होता, एवढे खरे.

दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

आपली आज्ञाधारक लेक