आधी एकेक डोळा झाकून बघा

महोदय,

मुलांचे 'दृश्य-आकलन' वाढवण्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राहवले नाही. फरक ओळखा, लपलेले चित्र शोधा, ठिपके जोडा, यात अर्धे पान गेले. ही कोडी मूल ज्या डोळ्यांनी सोडवणार, ते दोन्ही डोळे आधी वेगवेगळे तपासून घ्या, एवढे एक वाक्य मात्र कुठेच सापडले नाही.

माझ्या नातीचे नुकसान नेमके यातूनच झाले. वाचताना तिची ओळ सुटायची, चेंडू झेलता यायचा नाही. अशी कोडी सोडवून घेणाऱ्या एका वर्गात तिची कागदावर चाचणी झाली, 'अवकाशीय जाण कमी' असा शेरा मिळाला आणि हातात कोड्यांच्या वह्या आल्या. वर्षभर ती त्या भरत होती. पुढे नेत्रतज्ज्ञांनी तिचा डावा डोळा झाकला, तर ती तक्त्यावरची चित्रे भराभर सांगत गेली. उजवा झाकल्याबरोबर मात्र तिने मान वळवली, झाकणीच्या कडेने डोकावून पाहिले आणि शेवटी डॉक्टरांचा हातच ढकलला. डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता. त्याच्याकडून येणारे धूसर चित्र मेंदूने बाजूला टाकायला सुरुवात केली होती.

यालाच 'आळशी डोळा' म्हणतात आणि शंभरात दोन-तीन मुलांना तो असतो. तिरळेपणा असेलच असे नाही. मूल तक्रारही करत नाही, कारण चांगला डोळा सगळे निभावून नेतो.

पाहणे हे मेंदूला शिकावे लागते. नवजात बाळाला सगळे धूसरच दिसते. दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवून खोली ओळखणे साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होते, आणि बारीक दिसण्याची क्षमता पुढे कित्येक वर्षे घडत राहते. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ दादच देत नव्हत्या. मोठ्या मांजरांत तसे झाले नाही. या दोघांना १९८१ साली नोबेल मिळाले. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, आणि लहान मुलांच्या दृष्टीवर लिहिणाऱ्याला ती माहीत असायलाच हवी.

वयाच्या सात वर्षांनंतर उपचारांचा काही उपयोग नाही, हे लेखातले विधान तर मला फार लागले. आमच्यासारख्या उशिरा कळलेल्या घरांनी ते वाचून काय करायचे? लवकर उपचार केलेले केव्हाही चांगले, हे खरेच. पण सात ते सतरा वयाच्या मुलांवरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चष्मा आणि पट्टीने बऱ्याच मुलांची नजर सुधारली होती. माझी नात चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बसते आणि दुबळ्या डोळ्याने वाचते. रडते, पण वाचते. तिच्या आईने कालचा लेख वाचून मला विचारले, आता हे सगळे फुकटच का?

उलटी अक्षरे काढणाऱ्या मुलांबद्दलही असेच घाबरवले आहे. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास होते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच, हे मेंदू आधी शिकलेला असतो. अक्षरांच्या बाबतीत ते मोडायला वेळ लागतो. डिस्लेक्सियाचे, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीचे, मूळ तर मुख्यतः भाषेतल्या ध्वनींच्या आकलनात आहे. डोळ्यांच्या व्यायामांनी तो बरा होतो याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्तपणे सांगितले आहे. कोडी मुलांना जरूर द्या, त्यांना ती आवडतात. उपचार म्हणून देऊ नका.

पुढच्या अंकात बालनेत्रतज्ज्ञाकडून चार ओळी लिहून घ्याल का? एकेक डोळा झाकून बघा, मूल कोणत्या वेळी चिडते ते पाहा आणि चिडले नाही तरी शाळेत घालण्याआधी तपासणी करून घ्या, एवढे आले तरी पुरे.

आणखी एक. हा लेख फिकट जांभळ्या पट्टीवर राखाडी अक्षरांत छापला होता. वयाबरोबर असा पुसट फरक ओळखणे कठीण होते. मला तो खिडकीपाशी नेऊन वाचावा लागला. कृपया पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे छापत जा.

आपली,
एक नियमित वाचक