रेटिनॉल लावा म्हणालात, उन्हाचं काय?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला चेहऱ्याच्या निगेवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. ग्लायकोलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार), व्हिटॅमिन सी, सगळं एका दमात सांगून मोकळे झालात. किती टक्क्यांचं, आठवड्यातून किती वेळा, अ‍ॅसिड आणि रेटिनॉल एकाच रात्री लावायचं की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. सनस्क्रीनचं तर नावही नाही! आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. ग्लायकोलिकने मृत पेशींचा वरचा थर निघतो आणि त्वचेला ऊन जास्त बाधतं. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीची एकदा आग झाली की मागे काळे डाग राहतात, ते महिनोन्महिने जात नाहीत.

माझ्या पुतणीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. एका मेडिकलवाल्याने तिला चिठ्ठीशिवाय ट्यूब दिली, रंग उजळेल म्हणून. सुरुवातीला उजळलाही, बायका कौतुक करत होत्या. मग गाल लाल झाले, बारीक पुळ्या आल्या. हळदीच्या दिवशी काकूचं बोट गालाला लागलं मात्र, पोर पाटावरच कळवळली. शेवटी चेहरा सोडून हातापायांनाच हळद लावली. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. हायड्रोक्विनोन म्हणजे कातडीचा रंग फिका करणारं औषध, ट्रेटिनॉइन हे रेटिनॉलचंच कितीतरी जहाल भावंड आणि मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. त्याने कातडी पातळ होते आणि लावणं थांबवलं की चेहरा आणखी भडकतो. अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम २०१८ साली झाला. तो पाळतंय कोण?

आणखी एक. रेटिनॉल असो की ट्रेटिनॉइन, गरोदरपणी डॉक्टर ते बंदच करायला सांगतात. पुरवणी वाचणाऱ्यांत नव्याने लग्न झालेल्या किती मुली असतील! त्यांच्यासाठी एक ओळ छापायला जागा नव्हती? गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीला मात्र त्याच पानावर पाव पान मिळालं.

आणि फिक्या गुलाबीवर पांढरी अक्षरं छापणं कृपा करून थांबवा. चौकटीतला मजकूर माझ्या सासूबाईंना भिंग घेऊनही लागला नाही.

पुढच्या पुरवणीत त्वचारोगतज्ज्ञांकडून खुलासा लिहून घ्या आणि तो काळ्या, ठळक अक्षरांत छापा. जून लागेपर्यंत थांबू नका, लग्नसराई आत्ता सुरू आहे.

एक वाचक, जळगाव