ऑनलाइन अभ्यासक्रमाला ठरलेली वेळ आणि बसायला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्याच्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. गेल्या काही वर्षांत संध्याकाळी वाचनालयात येणारी महाविद्यालयीन मुले वर्तमानपत्राच्या टेबलापेक्षा भिंतीवरच्या प्लगजवळची खुर्ची आधी पकडतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी पदवीच्या श्रेयांकांसाठी (क्रेडिटसाठी) ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील एखादा अभ्यासक्रम घेतलेला असतो. जुलैत नाव नोंदवणारी मुले पुष्कळ असतात, पण ऑक्टोबरात परीक्षेला बसणारी मोजकीच उरतात. याचे कारण विचारले की रेंज नाही, डेटा पुरत नाही, वीज नसते, अशी उत्तरे येतात. ती खोटी नाहीत. तरीही त्याच गावात, त्याच रेंजवर काही मुले उत्तीर्ण होतात, हे मी पाहत आलो आहे, आणि त्यांचे काय वेगळे असते याविषयी लिहावेसे वाटले म्हणून हे पत्र.

‘स्वयं’ची सुरुवात 9 जुलै 2017 रोजी झाली. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला द्यावे लागते. फुकटात झालेली नोंदणी सोडून देताना मनाला काही लागत नाही, ही यातली पहिली अडचण. दुसरी अडचण गुणांच्या रचनेत आहे, आणि ती नीट समजून घेणारे फार थोडे. ‘स्वयं’वर आयआयटींसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम देणारा एनपीटीईएल हा उपक्रम आहे. त्याच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या स्वाध्यायांना 25 आणि अंतिम परीक्षेला 75 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा.

हे गणित मला स्वतःला नडले. मुलांना सांगण्याआधी आपण करून पाहावे म्हणून मी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम घेतला. रात्री जेवण झाल्यावर बाजेवर पडून मालिका पाहावी तशी सगळी व्याख्याने पाहत गेलो आणि आपला अभ्यास चालला आहे अशी माझी समजूत राहिली. चार स्वाध्यायांची मुदत कधी टळली ते कळलेच नाही, आणि कळले तेव्हा आता काय उपयोग म्हणून मी तो नाद सोडला. पुढे एकदा कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की उरलेले चार स्वाध्याय बरोबर सोडवले असते, तरी सहापैकी चारांच्या हिशेबाने 25 पैकी 16 च्या वर गुण पडले असते, म्हणजे लागणाऱ्या 10 पेक्षा बरेच जास्त. हिशेब न करताच मी हरलो होतो. दुसऱ्या वेळी मात्र पूर्ण केला. तेव्हापासून कोणी मुलगा किंवा मुलगी ‘काका, माझं बुडालं’ म्हणत आली की मी आधी कागद-पेन पुढे करतो. बुडाले असे वाटणाऱ्यांपैकी निम्म्यांचे तरी खरे बुडालेले नसते.

आपल्या भागातली खरी अडचण शेतीच्या वेळापत्रकाची आहे, आणि तिचा विचार हे अभ्यासक्रम आखणाऱ्या कोणी केलेला दिसत नाही. जुलैत सुरू होणाऱ्या सत्राचे पहिले आठवडे निंदण, डवरणी आणि फवारणीत जातात, आणि परीक्षेची तारीख येते तेव्हा सोयाबीनची सोंगणी आटोपून कापूस वेचायला सुरुवात झालेली असते. जानेवारीचे सत्र त्यापेक्षा बरे म्हणावे, तर हरभरा-गव्हाचे ओलित असते. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येते, त्यामुळे ज्याच्या घरी कामाला दुसरा माणूस नाही तो मुलगा रात्रभर वावरात पाणी देऊन सकाळी कॉलेजची बस पकडतो. मुलींचे ओलित चुकते, पण संध्याकाळचा स्वयंपाक चुकत नाही. व्याख्याने ऐकायला जी शांत वेळ लागते, नेमकी तीच वेळ त्यांच्याकडे नसते. ‘केव्हाही, कुठेही शिका’ असे या शिक्षणाचे कौतुक केले जाते. ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या कामांनी भरलेला आहे त्याच्या बाबतीत ‘केव्हाही’चा अर्थ पुष्कळदा ‘कधीच नाही’ असाच होतो.

जी मुले पार पडली त्यांनी स्वतःसाठी वेळ बांधून घेतली होती. एक मुलगी पहाटे साडेचारला उठून सडा-सारवण करण्यापूर्वी एक व्याख्यान ऐकत असे, कारण त्या वेळी रेंजही चांगली मिळते आणि हाक मारणारे कोणी नसते. बहुतेकांनी वही केली होती. मोबाइलवर ऐकलेले अर्ध्या तासात विसरते. तेच व्याख्यान मध्ये थांबवून दोन ओळी आपल्या शब्दांत लिहिल्या, तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा सगळे पाहत बसावे लागत नाही. मुलांचा रोजचा डेटा रात्री बारानंतर नव्याने सुरू होतो आणि दिवसभरात रीलमध्ये संपतो. व्याख्याने आधीच कमी रिझोल्यूशनवर उतरवून ठेवली तर बसमध्ये, कोठ्यात किंवा वावरातही ऐकता येतात. व्याख्यानाचा लिखित मजकूर तर त्याहून हलका असतो. एनपीटीईएलच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचा असा मजकूर मराठीतही मिळतो, हे सांगितल्यावर कित्येक मुलांना आश्चर्य वाटते. इंग्रजी कळत नाही म्हणून सोडलेल्या अभ्यासक्रमाकडे त्यातली दोघे-तिघे परत वळल्याचे मी पाहिले आहे.

स्वाध्यायाची मुदत बहुधा बुधवारी रात्री 11:59 ला संपते. शहरातल्या मुलाने साडेअकराला बसणे एकवेळ समजू शकते. आपल्याकडे वादळी पाऊस आला आणि तार तुटली की वीज दुसऱ्या दिवशीच येते, म्हणून सोमवारी स्वाध्याय पाठवून मोकळे व्हावे, असे मी सांगतो. मुदत संपेपर्यंत उत्तरे बदलण्याची मुभा असते, हे लक्षात घेतले तर सोमवारी घाई केल्याचा तोटा काहीच नाही.

उत्तरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. स्वाध्यायांची तयार उत्तरे व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि अनेक मुले ती डोळे झाकून उतरवतात. त्यामुळे 25 पैकी 22-23 गुण पडतात, आणि परीक्षा केंद्रावर संगणकासमोर एकटे बसल्यावर 30 गुणांची मजल गाठता येत नाही. परीक्षेचे शुल्क आणि प्रवासखर्च, दोन्ही पाण्यात जातात. प्रवासखर्च मी मुद्दाम म्हणतो. आमच्या भागातील मुलांना केंद्र बहुधा अमरावती किंवा नागपूरला घ्यावे लागते आणि सकाळच्या सत्राची परीक्षा नऊला सुरू होते. गावातून निघणारी पहिली एसटी त्या वेळेला पोहोचवू शकत नाही. आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकाकडे मुक्काम करावा लागतो, आणि मुलीच्या बाबतीत बरोबर कोण जाणार हा प्रश्न घरात चार दिवस चालतो. अर्ज भरतानाच दुपारचे सत्र निवडण्याचा पर्याय मिळत असेल तर तो घ्यावा, हा माझा अनुभवाचा सल्ला.

आता महाविद्यालयांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमावलीने एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून घेण्यास परवानगी दिली आहे, आणि आधीच्या 2016 च्या नियमावलीत ही मर्यादा 20 टक्के होती. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा समन्वयक नेमणे आणि संगणक, ग्रंथालय यांसारख्या सुविधा विनामूल्य उपलब्ध करून देणे ही महाविद्यालयाची जबाबदारी असल्याचे याच नियमांत म्हटले आहे. प्रत्यक्षात काय घडते? आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने आपल्या महाविद्यालयात समन्वयक कोण, असे विचारले तेव्हा तिला सूचना फलक दाखवण्यात आला, आणि फलकावर केवळ नोंदणीची अंतिम तारीख होती. सर्वच ठिकाणी असे असेल असे मी म्हणत नाही. मनापासून धडपडणारे प्राध्यापकही माझ्या परिचयाचे आहेत, पण त्यांना या कामासाठी वेळापत्रकात तास मिळत नाही.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. महाविद्यालयांनी आठवड्यातून एक तास, शक्यतो सोमवारी, ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी वेळापत्रकात राखून ठेवावा. त्या तासाला संगणक कक्ष उघडा असावा आणि समन्वयकाने तेथे बसून कोणाचा कितवा स्वाध्याय राहिला एवढे जरी विचारले तरी पुरे. सुट्टीच्या दिवसांत आणि संध्याकाळी हेच काम गावातली वाचनालये करू शकतात. अनुदानित ग्रंथालयांना ग्रामपंचायतीने एक इन्व्हर्टर आणि इंटरनेटची जोडणी दिली, तर सात ते नऊ या वेळेत दहा-बारा मुले एकत्र बसू शकतील. मुलगी वाचनालयात जाते म्हटल्यावर घरचे तिला दोन तास मोकळीक देतात, हे मी रोज पाहतो. घरात मोबाइल घेऊन बसलेल्या मुलीला ती मिळत नाही.

आमच्या वाचनालयात सध्या चार खुर्च्या आणि दोन प्लग आहेत. जुलैचे सत्र सुरू होण्यापूर्वी आणखी एक टेबल आणि एक बोर्ड बसवण्याचे वर्गणीतून ठरले आहे. तालुक्यातील इतर ग्रंथपालांनी आपापल्या गावात काय सोय होऊ शकते ते कळवले, तर महाविद्यालयांकडे एकत्रित निवेदन देता येईल.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल
ता. दिग्रस, जि. यवतमाळ