वळ्यांमध्ये पावडर नको, आधी कोरडं करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाळाच्या त्वचेबद्दल जो लेख छापलात तो वाचला. बराचसा चांगला आहे, तेलाबद्दल, आंघोळीबद्दल लिहिलंय ते पटलं. पण मानेच्या आणि जांघेतल्या वळ्या लाल झाल्या तर तिथे भरपूर पावडर टाका असं त्यात सरळ सांगितलंय, आणि वर पावडरच्या पफचा मोठा फोटो पण टाकलाय. ते बघून गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

मी पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही. पण तान्ह्या बाळांच्या वळ्या जेवढ्या मी उघडून बघते तेवढ्या त्यांच्या आजीनेही बघितल्या नसतील, आणि बाळांच्या डॉक्टरांकडून जे ऐकत आलेय ते आणि रोज डोळ्यांना दिसतं ते जुळतं, म्हणून एवढं ठामपणे बोलतेय.

हे होतं कुठे तर जिथे कातडी कातडीला चिकटते तिथे. मान, काख, जांघा, मांडीवरच्या वळ्या, गुडघ्याच्या मागे, कानाच्या मागे. बाळ गुटगुटीत असेल तर जास्त, पण बारीक बाळांनाही होतं. डॉक्टर त्याला इंटरट्रिगो म्हणतात. आत घाम असतो, लाळ असते, हवा जात नाही आणि बाळ हललं की कातडी कातडीवर घासते. लहान बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ, सारखी ओली राहिली की वरचा थर मऊ पडतो आणि मग साध्या घासण्यानेही सोलवटते. एवढंच आहे कारण. ओले कपडे घडी घालून कपाटात ठेवले तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तसंच इथे होतं.

सगळ्यात वाईट मान. तीन-चार महिन्यांच्या बाळाला मान म्हणून काही दिसतच नाही, हनुवटी थेट छातीवर टेकलेली. दूध पिताना ओठाच्या कोपऱ्यातून जो ओघळ येतो तो गालावरून उतरून नेमका त्या घडीत जाऊन बसतो, वर दात यायच्या आधीची लाळ. आपण वरवर तोंड पुसतो, गाल पुसतो आणि बाळ स्वच्छ दिसतं. मग एके दिवशी बाळ जोरात हसतं किंवा मान मागे टाकतं आणि आत पांढरट, चिकट, दोऱ्यासारखी रेघ दिसते, त्यात कपड्याचे तंतू अडकलेले, आंबट वास, आणि ते पुसलं की खाली लालभडक ओली कातडी. आई तिथेच रडायला लागते. आणि आजूबाजूचे सगळे तिलाच बोलतात, नीट पुसत नाहीस, लक्ष नाही तुझं. अहो लक्ष कितीही असू दे, ती जागा उघडल्याशिवाय दिसतच नाही आणि बाळ ती उघडू देत नाही. हे निष्काळजीपणाचं लक्षण नाही हे तुमच्या लेखात एका ओळीत आलं असतं तर खूप बायकांचं भलं झालं असतं.

आता पावडर. सगळ्यांना वाटतं पावडर ओल शोषते, म्हणजे कोरडं राहील. थोडा वेळ राहतंही. पण नंतर घाम आणि लाळ येतच राहते, पावडरचा लगदा होतो, तो वळीच्या तळाशी जमतो, सुकला की त्याच्या बारीक खडबडीत गाठी होतात आणि त्याच गाठी आधीच सोललेल्या कातडीवर घासत राहतात. मी असल्या गाठी कोमट पाण्याने भिजवून भिजवून काढल्यात, बाळ किंचाळतं त्या वेळी. आणि घरचे काय करतात, अजून लाल झालं म्हणून अजून पावडर!

दुसरं म्हणजे श्वास. पफ आपटला की जो ढग उडतो तो बाळाच्या नाकासमोरच उडतो, मानेला लावताना तर तोंडावरच. बेबी पावडर बहुतेक ज्या दगडाच्या भुकटीची असायची त्या टाल्कचे कण फार बारीक असतात, ते छातीत गेले तर श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो, डबा बाळाच्या हातात खेळायला दिला आणि तोंडावर सांडला असे अपघात जगभर नोंदलेले आहेत. म्हणून बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षं पावडर नकोच म्हणतायत. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये टाल्कवाली बेबी पावडर जगभर बंद करून कॉर्नस्टार्चची, म्हणजे मक्याच्या पिठाची ठेवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलं. ते कॅन्सरचं प्रकरण वेगळं आहे, त्यावरून कुणी आज घाबरून जाऊ नये, बाळाच्या बाबतीत माझी काळजी श्वासाची आणि त्या लगद्याची आहे. कॉर्नस्टार्चचे कण मोठे असतात पण ते पण उडतात आणि त्याचाही लगदाच होतो, त्यामुळे डबा बदलून प्रश्न सुटत नाही.

आणि पावडर म्हणजे निरुपद्रवी हे जे डोक्यात बसलंय ना, त्यावर एकच सांगते. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका बेबी टाल्कमध्ये कारखान्यातल्या चुकीने हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक भरमसाट प्रमाणात मिसळलं गेलं आणि ३६ बाळं दगावली. ते विष गेलं कुठून, तर कातडीतून, तीही डायपरखालच्या. आज तसं काही बाजारात आहे असं मी म्हणत नाही, सांगायचं एवढंच की बाळाची कातडी, त्यातून सोललेली, वर झाकलेली, लावलेलं आत ओढून घेते. म्हणून काय लावू हा प्रश्नच मला आवडत नाही. लोक येऊन पहिलं तेच विचारतात, काय लावू? आधी कोरडं करा, लावायचं नंतर बघू.

मी कसं करते ते सांगते, कारण लेखात "स्वच्छ करा" एवढंच आहे आणि खरी अडचण तिथेच येते. बाळाला पाठीवर झोपवायचं, खांद्याखाली आपला तळहात सरकवून खांदे किंचित उचलायचे, डोकं अलगद मागे कलतं आणि मानेची घडी आपोआप उघडते. बोटांनी ताणून उघडायची नाही, त्याने चीर पडते. साधं कोमट पाणी, मऊ सुती फडकं, चिकटलेलं असेल तर फडकं थोडा वेळ ओलं करून तसंच ठेवायचं, ते सुटून येतं. साबण रोज तिथे नको, साबणाने त्वचेचं स्वतःचं संरक्षण कमी होतं, आणि सोललेल्या जागी तर मुळीच नको. वासाचे वाइप्स नकोत, ते झोंबतात आणि ओल ठेवून जातात. मग कोरड्या फडक्याने टिपायचं. टिपायचं म्हणजे दाबून उचलायचं, पुसायचं नाही. आणि त्यानंतरचं काम कोणी करत नाही, थांबायचं. घडी उघडी ठेवून हवा लागू द्यायची, बाळाशी गप्पा मारा, खेळणं दाखवा, दोन-तीन मिनिटं तरी. केस वाळवायचं मशीन वापरतात काही जण, ते करू नका, भाजतं. फडक्याने किंवा पुठ्ठ्याने हलकी हवा घातली तर चालते.

जागं असताना आपण समोर बसून पोटावर पालथं टाकलं की बाळ मान वर करतं, तेव्हाही मानेला आयती हवा मिळते. जांघांसाठी दिवसातून काही वेळ डायपर काढून दुपट्यावर मोकळं ठेवायचं, ओलं होईल दुपटं, होऊ दे. डायपरचं इलॅस्टिक मांडीवर लाल वळ उठवत असेल तर एक साइज मोठा घ्या. लाळेरं ओलं झालं की लगेच बदला, ओलं लाळेरं गळ्याला गुंडाळून ठेवणं म्हणजे मुद्दाम जखम करणं. आणि पाजून झालं की गालासोबत मानेची घडी पण टिपायची, ही एक सवय लागली तर निम्म्या बाळांना पुढचं काही लागतच नाही.

पूर्ण कोरडं झाल्यावर, आणि झाल्यावरच, साधी पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ थरात. त्याने लाळ आणि दूध थेट कातडीला लागत नाही आणि घर्षण कमी होतं. ओल्या जागेवर लावलं तर ओल आत कोंडते आणि उलटंच होतं. जाड थापायचं नाही, आणि पुढच्या वेळी झिंकचा थर खरवडून काढत बसायचं नाही, वरची घाण अलगद टिपून घ्यायची बस.

एवढं केलं की साधी लाली दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. नाही उतरली तर घरी प्रयोग नकोत. घडीच्या खोलात गडद लाल चकाकणारं आणि कडेने सुटे सुटे लाल ठिपके किंवा पुळ्या दिसल्या तर बहुतेक कँडिडाची बुरशी असते, अँटिबायोटिक घेऊन झालेल्या बाळाला ही जास्त होते, तोंडात जिभेवर-गालात न निघणारे पांढरे डाग आहेत का तेही बघा आणि डॉक्टरांना सांगा. त्याला बुरशीचं क्रीम लागतं आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लावायचं, लाली गेली म्हणून मधेच सोडलं की परत येतं. एकदम लालभडक, पाणी सुटलेलं, कुजट वास, बाळ तिथे हात लावू देत नाही, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असू शकतो, त्याला वेगळं औषध. डोक्यावर पिवळट तेलकट खपल्या आणि वळ्याही लाल असं दोन्ही असेल तर ते तिसरंच काही असू शकतं. सांगायचा मुद्दा, सगळी लाली सारखी नसते. पू आला, लाली पसरत चालली, बाळ पीत नाही, मलूल पडलंय, तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर वळीचं राहू दे बाजूला, ताबडतोब डॉक्टर.

आता ज्याची मला पावडरपेक्षाही चीड येते ते. घरात कुणाला तरी गजकर्ण झालेलं असतं, त्याची अर्धी राहिलेली ट्यूब असते, त्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र. ती बाळाच्या जांघेत लावतात. किंवा मेडिकलमध्ये जाऊन बाळाचं लाल झालंय म्हणतात आणि तो तीच काढून देतो. दुसऱ्या दिवशी लाली गायब, सगळे खूश, औषध एकदम गुणकारी! लाली स्टेरॉइडने दबलेली असते, बुरशी आत तशीच वाढतेय. सोडलं की दुप्पट वर येते, मग परत ट्यूब. जांघेवर वरून डायपर असतो तो पट्टी बांधल्यासारखं काम करतो, औषध जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होत जाते, आणि भरपूर लावत राहिलं तर स्टेरॉइड रक्तातही जाऊन बाळाच्या हार्मोनवर परिणाम करतं. डॉक्टर कधी कधी सौम्य स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी देतात, ते बघून, मोजून देतात, ती गोष्ट वेगळी. एका आईने मला तसली ट्यूब दिली होती, रोज दुपारी लावा म्हणून. मी लावली नाही, परत पाठवली, ती रागावली, डॉक्टरांकडे गेली आणि ट्यूब बंद झाली. माझ्याशी अजून नीट बोलत नाही ते सोडा.

तर संपादकसाहेब, विनंती अशी की पुढच्या पुरवणीत चौकट टाकून ते पावडरचं वाक्य मागे घ्या, बारीक अक्षरात कोपऱ्यात नको, फोटो जेवढा मोठा होता तेवढीच चौकट मोठी असू द्या. त्यात स्टेरॉइडच्या ट्यूबबद्दल एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून चार ओळी घ्या. आणि फोटो टाकायचाच असेल तर खांद्याखाली हात घालून घडी कशी उघडायची त्याचं चित्र टाका, कापून भिंतीला लावता येईल असं, मी पहिली लावेन.

कळावे,
आपली,
एक पाळणाघरवाली वाचक