पाय कापण्याआधी अंगठ्याचा दाब मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय,

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सगळ्या राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा. मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंड, हृदय यांची चर्चा होते. पाय आठवतो तो बोट काळे पडल्यावर. दीर्घकाळच्या मधुमेहात आणि डायलिसिसवरच्या रुग्णांत पायाच्या धमन्यांच्या भिंतीत, विशेषतः गुडघ्याखाली, कॅल्शियम साचते आणि नळी शिंपल्यासारखी कडक होते. अशी धमनी नेहमीच्या दोन्ही तपासण्यांना चकवते, म्हणून हे पत्र.

पहिला चकवा घोट्याच्या रक्तदाबाचा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनी आजारी, हा साधा नियम. पण कडक धमनी पट्ट्याने दाबलीच जात नाही. मग उत्तर १.४ च्या वर जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे १.० च्या आसपास ‘नॉर्मल’ येते, आणि जखमेवर नुसते ड्रेसिंग चालू राहते. पायाच्या अंगठ्याच्या बारीक धमन्यांत हे कॅल्शियम बरेच कमी असते. म्हणून अंगठ्याला छोटा पट्टा आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर लावून दाब घ्यावा लागतो. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली आला तर रक्तपुरवठा वाढवल्याशिवाय जखम भरण्याची आशा फार कमी. ६० च्या वर असेल तर निदान रक्ताची अडचण मोठी नाही. एवढी माहिती पाच-दहा मिनिटांत मिळते. पाय गार असेल तर आकडा खोटा कमी येतो, तेव्हा आधी पाय ऊबदार करून घ्यावा. एसीच्या खोलीत हे हमखास विसरले जाते.

दुसरा चकवा अँजिओग्राफीचा. ती रक्ताची सावली दाखवते, भिंत दाखवत नाही. मांडीतली धमनी सावलीत ५ मिमीची वाटते आणि प्रत्यक्षात ६ मिमीची निघते. फरक एका मिलिमीटरचा दिसतो, पण ५ मिमीच्या नळीचे क्षेत्रफळ ६ मिमीच्या नळीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी भरते. अरुंद धमनी उघडायला लहान बलून फुगवला की ती पुन्हा आकसते, मोठा फुगवला की फाटते.

धमनीच्या आतून अल्ट्रासाऊंड करणारे कॅथेटर (बारीक नळी), म्हणजे आयव्हस, ही भिंत दाखवते. मांडीच्या जोडातली सुईसुद्धा बाहेरच्या अल्ट्रासाऊंडवर बघूनच घालावी. कॅल्शियमच्या पापुद्र्यात सुई गेली तर रक्तस्राव तिथूनच सुरू होतो. मग कॅथेटरला वाट दाखवणारी तार अडथळ्यापलीकडे गेली की आयव्हस तीनदा फिरवायचे. पहिल्यांदा तार खऱ्या पोकळीत आहे की भिंतीत शिरली, धमनीचा खरा व्यास किती आणि कॅल्शियम वर्तुळाच्या किती अंशांत आहे, हे बघायला. दुसऱ्यांदा बलून किंवा लिथोट्रिप्सीनंतर (ध्वनीच्या धक्क्यांनी कॅल्शियम फोडल्यानंतर) कॅल्शियमला भेगा पडल्या का, हे बघायला. शेवटी भिंतीला पडलेली चीर कुठपर्यंत गेली, स्टेंट पूर्ण उघडला का, हे बघायला. अडचणीही आहेत. कॅल्शियमच्या मागे काळी सावली पडते, त्यामुळे त्याची जाडी मोजता येत नाही. फिरत्या जातीच्या कॅथेटरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर चित्रच येत नाही. सलाईनने नीट फ्लश करावे लागते. आणि घट्ट जागी कॅथेटर रेटायचे नसते, आधी २ मिमीचा बलून फुगवून वाट करायची.

लिथोट्रिप्सीच्या यंत्राची मागणी आता सगळीकडे आहे. पण तिचा बलून धमनीच्या व्यासापेक्षा थोडा मोठा, १.१ पट, निवडायचा असतो. तो भिंतीला नीट टेकला नाही तर ध्वनीच्या धक्क्याचा जोर कमी पडतो. म्हणजे व्यास अंदाजाने धरला तर महागडे कॅथेटर वाया. मोजमाप आधी, यंत्र नंतर.

पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात १५० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) वर्षभरानंतर धमनी पुन्हा न अरुंद झालेले रुग्ण आयव्हस गटात ७२.४ टक्के, नुसत्या अँजिओग्राफीत ५५.४ टक्के होते. कोरियात २३७ रुग्णांत औषध लावलेल्या बलूननंतर (२०२४) धमनी खुली राहिली आयव्हस गटात ८३.८, तर नुसत्या अँजिओग्राफीत ७०.१ टक्के रुग्णांत. दोन्ही चाचण्या मांडी-गुडघ्याच्या धमनीवरच्या. गुडघ्याखालचा पुरावा अजून विरळ आहे, आणि तिथेच आमचे मधुमेही रुग्ण जास्त. शिवाय पायाची शीर चांगली असेल तर बायपास सरस ठरू शकतो, हे २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीने दाखवले. जांघेच्या सांध्यावरचे कॅल्शियम तर शस्त्रक्रियेनेच खरवडलेले बरे. तेव्हा शल्यचिकित्सक आणि कॅथलॅब यांनी एकाच टेबलावर बसून ठरवावे.

आमची मागणी लांबलचक नाही. म्हापसा, मडगाव, फोंडा इथे अंगठ्याचा दाब घेण्याचे साधन आणि ते वापरणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ द्यावा. वाळपई, पेडणे, काणकोणच्या रुग्णाला या एका आकड्यासाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) खेटे घालायला लावू नयेत. गोमेकॉत आयव्हसची सोय पायासाठी करताना आधी हृदयविभागाकडे विचारावे. अनेकदा कन्सोल (चित्र दाखवणारे यंत्र) तोच चालतो, कॅथेटर तेवढे वेगळे घ्यावे लागते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत या कॅथेटरची किंमत स्वतंत्र धरावी; एकरकमी पॅकेजमध्ये ती गुंडाळली की पहिली काटछाट तिच्यावरच होते. पाय कापण्याच्या संमतिपत्रावर एक ओळ सक्तीची करावी: ‘अंगठ्याचा दाब ___ मिमी, दिनांक ___’. सर्वदूर पसरलेल्या जंतुसंसर्गात जीव वाचवण्यासाठी थांबता येत नाही, तिथे ‘तातडीचे’ असे लिहिण्याची मुभा असावी. इतरांत मात्र ती जागा रिकामी असेल तर रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेऊ नये.

आपले,
गोव्यातील रक्तवाहिन्यांच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ