आईची नखं आणि बाबांचं कॅल्शियम

ती. आई-बाबांना सा. न.

पुण्याला सुखरूप पोचले. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन स्पीकरवर टाकला की बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात आणि आई, तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषयच संपवतेस. म्हणून लिहितेय.

आई, गणपतीत मोदकाच्या पारीला चुण्या पाडता पाडता तू थांबलीस, अनामिकेच्या नखाचा सुटलेला पापुद्रा दाताने तोडलास आणि हात धुऊन पुन्हा बसलीस. आरतीच्या वेळी त्याच नखात पदराची जर अडकली. मी विचारलं तर तू म्हणालीस, "माझं वय झालं, तसं नखांचंही." बाबांनी पेपरमागून निकाल दिला, "कॅल्शियम!"

वयाचं थोडं खरं आहे, नखं कोरडी पडतात. कॅल्शियमचं मात्र नाही, बाबा. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं, केसांसारखंच. त्यात कॅल्शियम नावालाच. नखावरचे पांढरे ठिपकेसुद्धा बहुतेकदा कुठेतरी आपटल्याचे असतात.

रात्री तुझ्या पायांना तेल लावलं ना, तेव्हा मी मुद्दाम पायाची नखं बघितली. एकाचाही पापुद्रा सुटलेला नाही. म्हणजे बिघाड बहुधा आतला नाही, हातांच्या नशिबातला आहे. दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी चहा घेत मोजत बसले: सकाळी नऊच्या आत तुझे हात अकरा वेळा पाण्यात गेले. नख म्हणजे एकावर एक चिकटलेले पातळ थर. पाण्यात ते फुगतात, वाळले की आकसतात. दिवसभर हेच चाललं की चिकटलेलं सुटायला लागतं, आणि भांड्यांच्या साबणाने उरलासुरला तेलकटपणाही जातो.

तेव्हा भांडी घासताना रबरी हातमोजे, आणि आत सुती मोजे, नाहीतर घामानेच हात भिजायचे. हसू नकोस. हात पुसले की लगेच नखांवर आणि नखांच्या मुळाशी व्हॅसलीन चोळ, रात्री झोपताना जरा जास्त. नखं आखूड ठेव, आंघोळीनंतर मऊ असताना काप, फाइल एकाच दिशेने फिरव. (तिन्हीसांजेला कापायची नाहीत हा तुझा नियम मला मान्य आहे, आंघोळ सकाळीच असते.) लग्नकार्यात नेलपॉलिश लावलंस तर काढायला ॲसिटोन नसलेलं रिमूव्हर घे. आणि घाई करू नकोस. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं. सगळं नवं यायला सहा महिने, म्हणजे पाडव्याचा सुमार.

रक्त मात्र तपासून घेच, नखांमुळे नाही तर जिना चढताना तुला धाप लागते म्हणून. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टीएसएच. लोह फार कमी झालं तर नखं चमच्यासारखी खोलगट होतात, तुझी तशी नाहीत. पण कमी निघालंच, तर नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसू नकोस. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर रक्त जातंय कुठे, हे डॉक्टरांना विचारायचं. गुडघ्यासाठी तू घेतेस त्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तेही त्यांना सांग. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, आणि थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास तरी जाऊ देत.

आता बाबा, तुम्ही औषधवाल्याकडून आणलेली ती "केस-नखांची" बाटली. मी लेबल वाचलं: बायोटिन 10 मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं ते साधारण 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे ही तीनशे पटींहून जास्त. नखांना त्याचा थोडा उपयोग होतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण पुरावा तोकडाच. माझी काळजी वेगळी आहे. बायोटिनमुळे काही रक्ततपासण्या चुकतात. टीएसएच खोटीच कमी येते आणि गोळी जास्त होतेय असं वाटून डॉक्टर आईचा थायरॉइडचा डोस विनाकारण उतरवतील. हार्ट अटॅक ओळखायला करतात त्या ट्रोपोनिनचा रिपोर्टही खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती गोळी बंद, आणि लॅबमध्ये तसं सांगायचं. मला विचाराल तर बाटलीच परत करा.

आणि तुमच्या पायाच्या अंगठ्याचं ते जाड, पिवळं नख हे निराळं प्रकरण आहे. बुरशी असेल, पण नखाचा तुकडा तपासल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही. साखर आहे तुम्हाला, ब्लेडने तासणं आजपासून बंद. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मी घेतलीय, दोघांचीही.

कुरिअरने हातमोज्यांच्या तीन जोड्या पाठवतेय. दोन गुलाबी आईला. मोठी निळी जोडी तुमच्या मापाची आहे, बाबा. रात्रीची भांडी तुमची.

तुमची,
ताई