सायूला, त्या खराब झालेल्या प्लेट्सबद्दल

प्रिय सायू,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला काय बोलावं सुचेना म्हणून फोन मम्मीकडे दिला. आज नाइट ड्युटी आहे, दुधाचा टँकर गेलाय, निवांत बसलोय म्हणून मोबाईलवरच लिहितोय, चुकलंमाकलं समजून घे.

प्रॅक्टिकलला जंतू वाढवायच्या तुझ्या सगळ्या प्लेट्सवर बुरशी आली, तू जर्नलमध्ये तसंच लिहिलंस, सर सगळ्यांसमोर बोलले, आणि शेजारच्या ग्रुपने सिनियरच्या जर्नलमधले आकडे उतरवून सही घेतली, बरोबर? आणि त्यावरनं तू थेट 'मायक्रोबायोलॉजीला काही स्कोपच नाही, नीटला परत बसायला पाहिजे होतं' इथपर्यंत पोचलीस. स्कोपचं नंतर बोलू, आधी एक गोष्ट ऐक जी तुला कधी सांगितली नाही कारण त्यात चूक माझी होती.

तू सातवीत असशील, मी तेव्हा दूध थंड करून ठेवायच्या चिलिंग सेंटरला होतो. एप्रिल महिना, रात्री लाइट गेली आणि जनरेटरला डिझेलच नाही, ते बघायचं काम माझं. दूध चार डिग्रीला पाहिजे ते पहाटेपर्यंत पार बावीसवर गेलेलं. लाइट आल्यावर परत थंड केलं, टँकर भरला आणि दिला पाठवून, म्हटलं थंड तर झालंय, कुणाला कळतंय. मेन प्लांटच्या लॅबला एक मॅडम होत्या, एम.एस्सी. मायक्रो. त्यांनी दूध उकळून बघितलं, फुटलं नाही, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पण ओके, तरी त्यांना कसली शंका आली कुणास ठाऊक, एमबीआरटी लावली. म्हणजे तुला मी काय सांगणार, दहा मिली दूध, एक मिली मिथिलीन ब्लू, सदतीस डिग्रीचा वॉटर बाथ आणि निळा रंग कधी जातो ते बघत बसायचं, जंतू जितके जास्त तितका रंग लवकर जातो. एक नंबर दूध पाच तास निळं राहतं, आमचं अर्ध्या तासाच्या आत पांढरं. मॅनेजर, ड्रायव्हर, वरून कुणाकुणाचे फोन, सगळे मागे लागले, मॅडम एवढंच म्हणाल्या की घ्यायचं तर घ्या, रिपोर्टवर सही माझी नसेल. टँकर परत आला. माझ्या पगारातनं तीन महिने पैसे कापले आणि मी त्या बाईला काय काय बोललो असेन ते लिहीत नाही.

नंतर माझी बदली मेन प्लांटला झाली, तेव्हा त्यांनीच नीट समजावलं, थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते दमाने वाढतात, रात्रीत जे वाढले ते वाढलेलेच राहतात. त्याच टँकरमधलं दूध कुठल्यातरी लहान पोराच्या पेल्यात गेलं असतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता स्कोप. काल रात्रीच मॅडमना फोन केला होता, रिटायर झाल्यात पण सगळं माहितीये. त्या म्हणाल्या बी.एस्सी.वर थांबलं तर सुरुवातीचा पगार बेताचाच, शिफ्ट ड्युटी, खोटं कशाला सांगू. औषध कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, सगळ्यात जास्त पोरं लागतात, इंजेक्शनच्या बॅचमध्ये जंतू नाहीत ना बघायची स्टेरिलिटी टेस्ट चौदा दिवस ठेवतात म्हणे आणि ती क्लिअर झाल्याशिवाय सहसा माल बाहेर जात नाही, पाण्याचे सॅम्पल, क्लीन रूममध्ये प्लेट्स उघड्या ठेवायच्या, हेच काम रोज. कंटाळवाणं आहे, पण कंपनी त्यावरच चालते. त्याशिवाय डेअरी, डिस्टिलरी, रायझोबियम-अझोटोबॅक्टर असल्या जंतूंची खतं, पाणी तपासायच्या लॅब. फूड सेफ्टी ऑफिसरच्या परीक्षेला मायक्रोची डिग्री चालते, हे मला माहितीच नव्हतं. हॉस्पिटलच्या लॅबला जायचं असेल तर बहुतेक जण पुढे डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करतात. आणि रिसर्च करायचा असेल तर एम.एस्सी. आणि बहुतेक वेळा नेटची परीक्षा, आणि वर्षं पण जातात. पैशाचं मी बघतो, ते टेन्शन घेऊ नको.

रिसर्चवरनं आठवलं, लोणारला आपण गेलो होतो तेव्हा तू नाक दाबून उभी होतीस. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं, लोक काय काय बोलत होते, तेव्हा सॅम्पल पुण्यातच आघारकर इन्स्टिट्यूटला गेले आणि खारट पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. तू आज जे स्लाइडवर बघतेस त्यांचेच कुठलेतरी लांबचे भाऊबंद. तुझ्या रूमपासून जवळच आहे ते, एकदा बाहेरून तरी बघून ये. विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही पण पुण्यातच, आणि तिथल्याच एनसीएल या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तर इंडस्ट्रीला लागणारे जंतू सांभाळून ठेवायची आख्खी बँक आहे असं मॅडम म्हणाल्या.

आत्याला मी सांगून टाकलंय की सायू डॉक्टर होणार नाहीये, तेव्हा दिवाळीत तो विषय निघणार नाही. निघालाच तर मम्मी बघेल.

सरांना जाऊन विचार प्लेट्स परत करायला मिळतील का. ओतताना हवा लागली, का जंतू उचलायची तार, ती लूप, आगीवर नीट लाल केली नाही, का प्लेटमधलं जंतूंचं खाद्य, तो मीडियाच, वाफेवर नीट ऑटोक्लेव्ह झाला नव्हता, एकेक करून बघ. मॅडमनी विचारलंय बुरशी हिरवी होती का काळी, आणि सगळ्या प्लेट्सवर एकसारखी होती का. मला सांगता आलं नाही. रविवारी फोन करशील तेव्हा सांग, दुपारी दोनच्या आत कर, नंतर टँकर लागतो.

तुझे पप्पा